एकमनी

परवाना का रद्द झाला त्याचं कारण वाचून विजयमाला रेडेकरला आधी हसूच फुटलं. ‘परवानाधारक दोन मनांची असल्याने शस्त्र बाळगण्यास अपात्र.’ खाली सही, शिक्का. तिच्याबद्दल इतकं खरं आजवर कुणी लिहून दिलं नव्हतं. सासू हेच म्हणायची, पण तिच्याकडे शिक्का नव्हता.

आता आहेच तसा स्वभाव. साडी घ्यायला गेली की दुकानदार दोनदा चहा मागवायचा. आमटी टाकावी की पिठलं, या विचारात चूल विझायची. पाहुणे बघायला आले तेव्हा बापानं विचारलं, “पसंत हाय न्हवं?” तर ही म्हणाली, “बघू की.” आणि बघता बघता संसार होऊन गेला. नवरा, उदय, चांगला निघाला म्हणून बरं. तो गेला हृदयविकारानं, जेवता जेवता. तेव्हापासून आजऱ्याबाहेर, सड्याच्या म्हणजे उघड्या कातळमाळाच्या कडेला त्यांची जी वस्ती आहे तिथं ती एकटी राहत होती. काजूची झाडं, एक विहीर, दोन म्हशी आणि एक पिस्तूल.

पिस्तूल सरकारनंच दिलेलं. वस्तीवर एकट्या राहणाऱ्या बायकांसाठी योजना होती, त्यात परवान्याची चाचणीही माफ.

या पिस्तुलाबद्दल जरा सांगायला हवं. साध्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरांवर देशभर बंदी आली त्याला आता काही वर्षं होऊन गेली होती. बंदी घालताना सरकारनं एक खिडकी उघडी ठेवली: ‘एकचित्त’ मूठ बसवलेलं पिस्तूल मात्र चालेल. लोकांनी त्याचं नाव एकमनी पाडलं. गावातल्या म्हाताऱ्यांना ते एकमणी ऐकू आलं, आणि मणभर वजनाचं पिस्तूल रेडेकराची सून उचलते तरी कशी, यावर दूध डेअरीत बरेच दिवस चर्चा झाली.

यंत्र मुळात निघालं ते कृत्रिम हातांसाठी. हात तुटलेल्या माणसाला पेला उचलावासा वाटला की उरलेल्या हाताच्या स्नायूंत विजेची बारीक कुजबुज होते. ती ऐकून नकली बोटं मिटतात. हे काम करताना संशोधकांना एक गंमत दिसली. माणसाचं ठरलेलं असतं तेव्हा बोटं मिटणारे स्नायू ओढतात आणि उघडणारे गप्प बसतात. ठरलेलं नसतं तेव्हा दोन्ही एकदम ओढतात. वरून हात शांत दिसतो, आत रस्सीखेच चाललेली असते. आणि ही रस्सीखेच मोजता येते.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की हे पिस्तुलाला बसवावं. परवानाधारकानं मनगटात एक कडं घालायचं. कडं स्नायूंची कुजबुज ऐकतं आणि पिस्तुलाच्या मुठीला कळवतं. रस्सीखेच चालू असेल तर चाप जागचा हलत नाही. ओढ एकाच बाजूची असेल तर मूठ तळहातात हलकेच घुमते, म्हणजे कुलूप उघडलं. दारुडा, पोरंटोरं, घाबरून चाप ओढणारा, सगळे यात अडकले. पिस्तुलाचे अपघात जवळजवळ बंद झाले. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. ज्यांना आयुष्यात कधी शंकाच येत नाही अशीही माणसं असतात, एवढं छापायला त्यांना जागा उरली नसावी.

विजयमालेचा दीर रणधीर हा तसा नव्हता. निदान आधी नव्हता.

ती लग्न होऊन आली तेव्हा तो नऊ वर्षांचा. गुडघे फुटलेले, नाक वाहतंय. पण दीर तो दीर. नव्या सुनेनं त्याला भावजीच म्हणायचं आणि अहोजाहोच करायचं. “भावजी, नाक पुसा.” “भावजी, चड्डी उलटी घातलीसा.” त्याचं डोकं तिनं धुतलं, पाढे तिनं घेतले, गोवर निघाला तेव्हा उशाशी ती बसली. तोही सगळ्या घराला नाचवायचा आणि हिच्या एका शब्दावर गप्प व्हायचा.

आता सड्यावर कुठल्याशा कंपनीला पवनचक्क्या उभ्या करायच्या होत्या, आणि रणधीरला सगळी जमीन त्यांना द्यायची होती. बाकी भाऊबंद तयार. अडली होती ती फक्त विजयमालेपाशी. तिनं नाही म्हटलं असतं तर एकवेळ भांडता आलं असतं. ती नाहीही म्हणत नव्हती. “बघू की,” म्हणत होती. दोन वर्षं.

“वैनी, हो तरी म्हणा नाहीतर नाही तरी म्हणा!” तो ओरडायचा.

“तेच ठरवतोय न्हवं. चहा घेणार काय?”

मधल्या काळात रणधीर गडहिंग्लजला निश्चयाच्या वर्गाला जाऊन आला. एकमनी आल्यापासून असले वर्ग गल्लोगल्ली निघाले होते. मनगटाला कडं बांधून एकच गोष्ट मनात धरायची, दुसरी आली की कडं चिमटा काढतं. महिन्याभरात माणूस सरळ होतो, असं त्यांच्या फलकावर लिहिलेलं असायचं. रणधीर परवान्याच्या चाचणीत पहिल्या फटक्यात पास झाला. तेव्हापासून तो ओरडायचा बंद झाला होता, आणि विजयमालेला त्या शांततेचीच जास्त भीती वाटायला लागली होती.

एके दुपारी तो विहिरीवर आला आणि मोटारीचा स्टार्टर उचकटायला लागला. पाणी बंद झालं की बाई आपोआप गावात येईल, असा हिशेब. विजयमाला गोठ्यातून बाहेर आली. पिस्तूल कधी आणलं हे तिचं तिलाही आठवत नव्हतं, पण ते हातात होतं. तो वळला. दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली.

“भावजी, थांबा,” ती म्हणाली. “मोटारीला हात लावू नका.”

आणि तिनं चाप ओढला. किंवा ओढायला गेली. चाप हलला नाही. रणधीर जरा वेळ तसाच उभा राहिला, मग पक्कड तिथंच टाकून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती पिस्तूल घेऊन तालुक्याच्या परवाना कचेरीत गेली. बिघडलंय, बदलून द्या. तिथल्या माणसानं ते तपासलं आणि म्हणाला, पिस्तूल ठणठणीत आहे, बिघाड तुमच्यात आहे. मग ती नोटीस आली.

*

“मावशी, आपल्या घटनेत बंदूक बाळगायचा हक्क असा नाहीच,” ॲडव्होकेट शबनम मुल्लाणी म्हणाली. कोल्हापुरातली पोरसवदा वकील. तिच्या टेबलावर खटल्यांपेक्षा वेफर्सची पाकिटं जास्त. “अमेरिकेत आहे. आपल्याकडे परवाना म्हणजे सरकारची मेहरबानी. पण एकविसावं कलम आहे. जगण्याचा हक्क. आता जगायचा हक्क असेल तर जीव वाचवायचा हक्क आला का नाही?”

“आला की.”

“तो आला तर त्याचं साधन आलं का नाही? सरकार म्हणतं नाही आलं. इथंच सगळं भांडण आहे.” तिनं एक वेफर मोडला. “आणि दुसरं, चौदावं कलम. समानता. सरकार म्हणतं, आम्ही बंदी कुठं घातलीय, एकमनी घ्या की. पण ज्याच्या मनात शंका येते त्याला ती बंदीच झाली. शंका न येणाऱ्याला मोकळं रान. ही कसली समानता?”

विजयमालेला हे पटलं. घरी जाताना एसटीत मात्र उलटंही पटायला लागलं. शंका येणाऱ्याच्या हातात पिस्तूल द्यावंच कशाला?

“म्हंजे मी जिंकले तर?” तिनं फोन करून विचारलं.

“तुमच्यासारख्यांना साधं पिस्तूल मिळेल. कडं नको, मूठ नको.”

“आणि त्यातनं गोळी सुटंल?”

“पिस्तूल आहे मावशी. सुटणारच.”

विजयमालेनं फोन ठेवला आणि म्हशींना दोनदा पेंड घातली.

*

कोल्हापूरच्या हायकोर्टात आता नवी पद्धत आली होती. मूलभूत हक्काचा प्रश्न असेल तर ज्याचा हक्क त्याला न्यायमूर्ती स्वतः ऐकून घेत. शिवाय कोर्टात कुणी मराठीत बोललं की भिंतीवरच्या पडद्यावर त्याचं इंग्रजी आपोआप उमटायचं.

एकमनीचा चाप ओढला की ते त्याआधीच्या मिनिटभराचा आसपासचा आवाजही जपून ठेवतं. सरकारी वकिलांनी तो ऐकवला. उंच, बारीक गृहस्थ, सर्दी झालेले. कोर्टभर विजयमालेचा आवाज घुमला: “भावजी, थांबा. मोटारीला हात लावू नका.”

पडद्यावर अक्षरं उमटली: ‘रिस्पेक्टेड ब्रदर-इन-लॉ, प्लीज वेट. काइंडली डू नॉट टच द कार.’

न्यायमूर्ती बाईंनी चष्मा वर केला. “यात गाडी कुठून आली?”

“पाण्याची मोटार, महोदया,” शबनम म्हणाली. “विहिरीवरची.”

मागं हशा पिकला. सरकारी वकिलांनी नाक पुसलं. “गाडीचं राहू द्या, महोदया. भाषा बघा. रिस्पेक्टेड. प्लीज. काइंडली. जिच्या जिवाला धोका आहे ती बाई अशी बोलते? ही बाई विनंती करत होती. घाबरलेली नव्हती, आणि मारायचंही तिच्या मनात नव्हतं. यंत्रानं हेच ओळखलं आणि चाप अडवला. यंत्र बरोबर, कायदा बरोबर.”

“आमच्याकडे वैनी दिराचा गळा दाबतानासुद्धा अहोच म्हणते, महोदया!” शबनम उसळली.

विजयमाला खुर्चीत अवघडून बसली होती. दिराला दुसरं काय म्हणतात, हेच तिला समजेना. आणि वकीलसाहेब म्हणाले ते खोटं होतं का, हेही समजेना. ती घाबरली होती. पण कशाला घाबरली होती? रणधीरला, की चाप हलला असता तर त्याला?

“दुपारनंतर अर्जदाराला ऐकू,” न्यायमूर्ती म्हणाल्या आणि उठल्या.

*

सुटीत शबनम कुठलीशी जुनी निकालपत्रं शोधायला पळाली. विजयमाला बाहेर बाकावर बसली. रणधीर आला आणि हातभर अंतर ठेवून उभा राहिला. सरकारनं त्याला साक्षीला आणलं होतं, धोका वगैरे काही नव्हता हे सांगायला.

“बसा की भावजी.”

तो बसला. हिरवा शर्ट, बाही मनगटापर्यंत ओढलेली, तरी कड्याचा उंचवटा दिसत होता. जरा बारीक झाला होता.

“वैनी, एक खरं सांगा. मारणार व्हता काय मला?”

“काय म्हाईत.”

“काय म्हाईत?” त्यानं मान वळवली. “हितं माझी झोप उडालीय, आणि तुम्ही काय म्हाईत म्हणताय?”

“चाप वडला व्हता भावजी मी. आणि वडला न्हवतापण. दोन्ही खरं हाय. आता त्यातलं कुठलं सांगू तुमाला?”

तो हसला. लहानपणी हसायचा तसा, एका बाजूनं. मग हसू गेलं.

“माझ्या खिशात व्हतं त्या दिवशी,” तो म्हणाला.

“काय?”

“काय म्हंजे काय. तुमच्या हातात पिस्तूल बघितलं, माझा हात खिशात गेला. मूठ घुमली, वैनी. लगीच घुमली. जरासुदीक वेळ लागला न्हाई.”

विजयमालेला कळायला वेळ लागला. घुमली म्हणजे कुलूप उघडलं. म्हणजे तिचा चाप अडून बसला होता तेव्हा त्याचा मोकळा होता.

“मग?” तिनं विचारलं.

“मग तुम्ही थांबा म्हणालासा. थांबलो.” तो स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाला. “तुम्ही थांबा म्हटलं की थांबायचं. ही सवय हाय ती. निश्चयाच्या वर्गात तेवढी काढायची ऱ्हायली वाटतं.”

“आणि आता?”

“आता काय?”

“आता घुमंल काय?”

रणधीर आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. तो हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

“घुमती की. घरात सड्याचा विषय निघाला की घुमती. तुमचं नाव निघालं की घुमती. सकाळी नुसतं पुसायला हातात घेतलं तरी घुमती. त्यांनी शिकवलंय न्हवं, मन एका जागंवर ठेवायचं. ते ठेवलंय. आता उचलायला जातोय तर हलंना.” त्यानं बाही आणखी खाली ओढली. “तुमाला म्हणून सांगितलं. कुणाजवळ बोलू नका.”

तो उठून आत गेला. विजयमाला बसून राहिली.

शबनमला हे सांगितलं तर ती बाकावर उभी राहून नाचेल, एवढं तिला कळत होतं. ठार मारायला निघालेल्याचं कुलूप उघडतं आणि अडवणारीचं उघडत नाही, याहून मोठा पुरावा कुठला! खटला जिंकल्यात जमा. पण मग रणधीर तुरुंगात जाईल. नाही सांगितलं, तर उद्या ती रिकाम्या हातानं वस्तीवर, आणि तो घुमत्या मुठीनं गावात. सांगावं असं वाटलं. सांगू नये असं वाटलं. शबनम आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, “पाणी हाय काय गं जरा?”

*

“तुम्ही थांबा म्हणालात,” सरकारी वकिलांनी विचारलं. “तुमचे दीर थांबले?”

“थांबले.”

“म्हणजे शब्दानं काम झालं. पिस्तुलाची गरज पडली?”

“नाही पडली.”

शबनमनं डोळे मिटून घेतले. वकीलसाहेब समाधानानं शिंकले.

न्यायमूर्ती पुढं झुकल्या. “विजयमालाबाई, मला साधं उत्तर द्या. तुम्हाला पिस्तूल हवं आहे की नको?”

“हवं,” विजयमाला म्हणाली. मग म्हणाली, “नको.” मग सावरून म्हणाली, “म्हणजे मला नको, बाईसाहेब. त्यांचं काढून घ्या.”

“महोदया, माझ्या अशिलाचा जरा गोंधळ होतो आहे…” शबनम धडपडत उठली.

“एक मिनिट. तुमचा अर्ज म्हणतो की पिस्तुलांवरची बंदी घटनेच्या विरोधात आहे. आणि तुमची अशील बंदी वाढवून मागते आहे?”

“तसं दिसतंय खरं, महोदया,” शबनम म्हणाली आणि बसली.

आता हसणाऱ्यांत सरकारी वकीलही होते. विजयमालेनं कठडा धरला. बोलायला लागली तेव्हा पुढचं वाक्य काय असेल हे तिचं तिलाही माहीत नव्हतं.

“बाईसाहेब, ते यंत्र खोटं बोलत नाही. माझी दोन मनं होती, ती त्याला दिसली. पण ज्याचं एकच मन असतं, त्याचंही ते तेवढ्यापुरतंच बघतं. मूठ घुमल्यावर आणि गोळी सुटायच्या आधी मध्ये थोडी जागा असते. तिथं कुणी हाक मारली तर माणूस वळतो. मी बघितलंय, वळतो. पण ती हाक मारायला दरवेळी मी कुठं असणार? एखाद्या दिवशी मी पाठमोरी असेन. झोपलेली असेन.”

हसणं थांबलं होतं.

“कुणाची मूठ घुमली होती?” न्यायमूर्तींनी विचारलं. आवाज खाली आला होता.

विजयमालेनं तिसऱ्या रांगेत बघितलं. रणधीर मान हलवत होता. अगदी थोडी, कुणाला दिसू नये इतकी. नको वैनी. त्याची दोन्ही मनगटं मांडीखाली दाबलेली होती, आणि ती मूठ आत्ता या क्षणी घुमायला तयार असेल की नाही हे तिला सांगता येत नव्हतं. त्यालाही येत नसावं. याला असंच घरी जाऊ दिलं तर हा आपल्याला मारील. कधीतरी, शांतपणे. आणि नंतर आयुष्यभर आपला हात बघत बसेल.

“विजयमालाबाई?”

“माझ्या दिरांची,” ती म्हणाली. “रणधीर रेडेकर. ते काय तिथं बसलेत, हिरवा शर्ट. आत्ताच्या सुटीत त्यांनीच सांगितलं मला. कुणाला सांगू नका म्हणाले होते.”

एकदम गलका झाला. सरकारी वकिलांच्या हातातले कागद घसरले. शबनम विजयमालेकडे नुसती बघत राहिली. आपण जिंकलो की हरलो हे तिला ठरवता येईना, आणि वकिलीत तिच्यावर अशी वेळ पहिल्यांदाच आली होती. न्यायमूर्तींनी टेबल वाजवलं. कायद्याचा प्रश्न आम्ही राखून ठेवतो, त्या म्हणाल्या. बंदी टिकते की नाही, किती टिकते, कुणाला टिकते, हे सगळं आता नव्यानं बघावं लागेल. आधी या गृहस्थांनी दाराशी जमा केलेलं पिस्तूल ताब्यात घ्या, हातातलं कडं काढा आणि त्यांचा जबाब नोंदवा.

दोन हवालदार तिसऱ्या रांगेकडे गेले. रणधीर उठला. त्यानं स्वतःच बाही मागं सारून हात पुढं केला. कडं निघालं तिथं कातडी पांढरीफटक पडली होती. तो विजयमालेकडे बघत होता. रागानं बघतोय की आणखी कशानं, हे ओळखायचा तिनं प्रयत्न केला आणि तिला जमलं नाही.

ते त्याला दाराकडे नेऊ लागले.

“बाईसाहेब, जरा थांबायला सांगा त्यांना,” विजयमाला म्हणाली.

“आता काय?” न्यायमूर्तींनी विचारलं.

“ते पहाटेच्या गाडीनं आलेत. सकाळपासून पोटात काही नाही, तोंडावरनं कळतंय. रिकाम्या पोटी त्यांना पित्त चढतं, मग बोलायला काही सुचत नाही. आधी त्यांना खायला घाला. मग काय ते विचारा.”